आईची एकादशी

भंडारदऱ्याच्या पाण्याकाठी अगस्ती ऋषींची गोष्ट सांगतात. त्यांनी इथे वर्षभर नुसत्या पाण्यावर आणि वाऱ्यावर राहून तप केलं, महादेव प्रसन्न झाला, त्याने गंगेची एक धार दिली आणि ती प्रवरा होऊन वाहू लागली. त्याच अगस्तींची दुसरीही गोष्ट आहे. वातापी नावाचा राक्षस बोकड होऊन पाहुण्यांच्या जेवणात शिजायचा आणि मग त्यांचं पोट फाडून बाहेर यायचा. अगस्तींनी त्याला खाल्लं, पोटावरून हात फिरवला आणि पचवून टाकलं. आमच्या अकोले तालुक्यात अगस्तींचा आश्रम आहे, साखर कारखान्याला त्यांचंच नाव आहे. माझी आई मात्र नातवंडांना पहिलीच गोष्ट सांगते. दुसरी तिला येते, पण तिच्या मते देवमाणसाची खरी ताकद न खाण्यात असते.

शेंडी हे आमचं गाव, धरणाच्या भिंतीला लागून. १९१० साली काम सुरू झालेलं हे धरण १९२६ साली पुरं झालं. त्याचं पाणी खाली गेलं, कालव्यांनी श्रीरामपूर-लोणीकडे ऊस पिकवला आणि आम्ही वरचे लोक भात, नागली, वरई करत राहिलो. आता गावात हॉटेलं आहेत, तंबू आहेत, काजव्यांच्या दिवसांत गाड्यांची रांग लागते. दादा-वहिनींनी घराच्या पडवीत पाहुण्यांसाठी जेवण सुरू केलं आहे. मुंबई-पुण्याची माणसं चुलीवरची नागलीची भाकरी मागून घेतात, हुलग्याचं कळण वाटीवर वाटी पितात. आणि त्याच घरात, आतल्या खोलीत, आई तिच्या ताटात जे घेते ते बघून गेली काही वर्षं आमचा जीव कासावीस होतो.

आई माळकरी आहे. आमच्या महादेव कोळी घरांत वशाट खाणं सगळ्यांचंच. पहिल्या पावसात ओढ्याला चढणारे मासे, खेकडं, जत्रेचं कोंबडं, सगळं असायचं. आईने माळ घातली तेव्हा मी शाळेत होते. त्या दिवसापासून वशाटाची भांडी बाहेरच्या चुलीवर गेली. हे आम्हा कुणाला खटकलं नाही. गावात अशी पुष्कळ घरं आहेत, एका छपराखाली माळकरी आणि खाणारे दोघे नांदतात. पण वय वाढत गेलं तसं आईच्या नियमांचं कुंपण आत आत सरकत आलं. महिन्याच्या दोन एकादश्या होत्याच. सोमवार आला, गुरुवार आला. चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं बंद. मग ते कायमचंच बंद. वडील गेले त्या वर्षी तिने दूध सोडलं. दही रात्री चालत नाही आणि दिवसा थंड पडतं. केळ्याने कफ होतो. हुलगे उष्ण. वालाने वात धरतो. संध्याकाळनंतर पाणीसुद्धा दोन घोट. उरलं काय, तर तांदळाची पाव भाकरी, वरणाचं वरचं पाणी, चहा आणि उपासाचा साबुदाणा.

एका एकादशीला सकाळी तिला ओट्यावर दरदरून घाम सुटला. हात थरथरत होते, दादाला ती तिच्या भावाच्या नावाने हाक मारत होती. वहिनीने तिचं बोट टोचून मशीनवर साखर बघितली आणि लगेच साखरपाणी पाजलं. थोड्या वेळाने ती सावरली. सावरल्यावर पहिला प्रश्न, “साखरपाण्यात दूध नव्हतं ना घातलं?”

झालं ते अगदी सरळ होतं. साखरेवरची तिची गोळी ग्लिमेपिराइड. ही गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. पोटात अन्न आहे की नाही हे ती विचारत नाही. उपाशी माणसाने ती घेतली तर रक्तातली साखर ७० च्या खाली घसरू शकते. तरुण माणसाला भूक लागते, धडधडतं, तो काहीतरी तोंडात टाकतो. म्हाताऱ्या माणसात ही लक्षणं पुसट होतात आणि पुढे येतो तो गोंधळ: बरळणं, ओळख न पटणं, पडणं. घरचे म्हणतात, वय झालं. उपासाच्या दिवशी गोळ्यांचं काय करायचं हे एकादशीच्या आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारायला हवं. हा प्रश्न घरोघरी राहून जातो, कारण उपास हा देवाचा विषय आणि गोळी हा दवाखान्याचा, अशी वाटणी आपण मनात करून ठेवलेली असते. रक्तदाबावर लघवी वाढवणारी गोळी आणि वर निर्जळी, हाही तसाच जोड. म्हातारपणी तहानेची जाणीवच कमी होते, त्यामुळे ‘मला तहान लागत नाही’ हे त्यांचं म्हणणं खरंच असतं आणि तरीही शरीर कोरडं पडत असतं.

त्या दिवशी सगळे तिच्यावर ओरडले. दादा म्हणाला, तुला आम्हाला बोल लावायचाय. धाकट्या पुतण्याने मोबाइलवर प्रथिनांचे आकडे वाचून दाखवले. आई भिंतीकडे तोंड करून निजली आणि रात्री काहीच खाल्लं नाही. ओरडण्याने कुणी खात नाही. नियमाच्या मुळाशी काय आहे ते कळल्याशिवाय नियमाशी बोलताच येत नाही, असं मला तेव्हापासून ठामपणे वाटत आलं आहे.

मराठीत याचं सगळ्यात लख्ख उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त आहे. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. त्यांच्या वडिलांचं सोवळं इतकं पराकोटीचं की बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात घ्यायचा नाही. मीठही त्यातून सुटलं नाही. बायकोपोरांचं जेवणखाण, येणंजाणं, सगळं त्या सोवळ्याने बांधलेलं. पण लेकीने हे लिहिताना सोवळ्याची सुरुवात कुठे झाली तेही लिहिलं आहे: १८५७ च्या धामधुमीनंतर लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्याने वडिलांचं मन असं झालं. मिठाचा खडा धुणारा तो माणूस खरं तर काय धुवू बघत होता, हे कळल्यावर त्याचा राग येत नाही.

लक्ष्मीबाईंच्याच आयुष्यात पुढे याची उलटी बाजू आली, आणि तीही आमच्याच नगर जिल्ह्यात. १८९५ साली नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई नगरला त्यांच्याकडे राहायला आल्या, त्या आपलं स्वयंपाकपाणी वेगळं ठेवूनच. टिळक तापट होते, पण बायकोच्या सोवळ्यावर त्यांनी जबरदस्ती केली नाही. पुढे तिचं तिलाच ते बंधन खोटं वाटलं आणि तिने ते स्वतः टाकलं. १९०० साली तिने बाप्तिस्मा घेतला. मधली वर्षं टिळकांनी कशी काढली असतील याचा विचार मी आईच्या खाटेशेजारी बसून अनेकदा केला आहे.

मग मी आईला प्रत्येक बंद पदार्थाबद्दल एकेक करून विचारायला लागले. का नको असं विचारलं नाही, कधीपासून नको ते विचारलं. त्यातून निघालेली उत्तरं आम्ही धरून चाललो होतो त्यापेक्षा फार वेगळी होती.

दूध तिने देवासाठी सोडलेलं नव्हतं. वडील शेवटच्या आजारपणात फक्त दूध पीत. त्यांच्या खाटेखाली उरलेल्या दुधाचा पेला असायचा, तो वास तिला नंतर सोसवेना. हुलगे उष्ण म्हणून बंद झाले नव्हते. खालच्या दाढा गेल्यापासून ते चावत नव्हते आणि चारचौघांत चघळत बसायची तिला लाज वाटत होती. संध्याकाळनंतरचं पाणी बंद, कारण संडास परसात आणि रात्री पावसात तिथवर जाताना ती एकदा घसरली होती. त्याबद्दल तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. आणि रात्रीचं जेवण अर्ध्यावर आलं त्याचं कारण तिने फार हळू सांगितलं: “जास्त खाल्लं की जास्त वेळा जावं लागतं. उद्या निजून राहायची पाळी आली तर तुझी वहिनी काढंल का माझं? आत्तापास्नंच पोट आखडून घेतलेलं बरं.”

खाटेवर पडायची भीती, सुनेवर भार व्हायची भीती, हे तिचं खरं पथ्य होतं. वात, कफ, उष्ण, थंड ही त्या भीतीची चारचौघांत सांगता येण्याजोगी नावं होती. म्हातारं माणूस ‘मला दात नाहीत’ असं सहज म्हणत नाही. ‘मला सोसत नाही’ म्हणणं मानाचं आहे.

एक उत्तर आणखी वेगळं होतं. नागली तिला का नको? इथे भीती नव्हती, जखम होती. बहात्तरच्या दुष्काळात दादा तिच्या मांडीवर होता. ती खडी फोडायला जायची, सुकडी मिळायची, तांबड्या मिलोची भाकरी व्हायची. त्याआधीही दर वर्षी ज्येष्ठ-आषाढात घरचा तांदूळ संपायचा आणि मग नागलीची पेज, वरईची पेज, डोंगरातली कंदमुळं, कडूपणा जाईस्तोवर पुन्हा पुन्हा उकळलेली. तांदळाची भाकरी रोज खायला मिळणं हे तिच्या लेखी आयुष्यभराच्या कष्टाचं फळ आहे. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, दुधाच्या जवळजवळ तिप्पट, हे तिला सांगून काय उपयोग? २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, पाहुणे नागलीचे फोटो काढतात, पण तिच्यासाठी तो उपाशी दिवसांचा रंग आहे. नागलीचा आग्रह आम्ही सोडून दिला. तिच्या बदल्यात दुसरं काही देता येतं. ती आठवण तिच्याकडून काढून घेता येत नाही.

इथे थोडं थांबून एक गोष्ट बोलायला हवी. घरातल्या जुन्या बाईचा खाण्याबद्दलचा प्रत्येक हट्ट आडमुठा असतो असं नाही. आमच्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी नातू आजारी पडल्यावर हायब्रीड आणि औषधं मारलेल्या भाज्यांवर संशय धरला आणि गावठी बियाणं जमवायला घेतलं. शाळा न शिकलेल्या बाईचं ते म्हणणं तेव्हा कुणी मनावर घेतलं असतं? पुढे त्यांच्या घरची बियाणं बँक देशभर माहीत झाली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. सह्याद्रीतल्या पाड्यांवर पावसाळ्यातली पहिली रानभाजी देवाला दाखवल्याशिवाय खात नाहीत. कोवळ्या कोंबांना वाढायला, पसरायला त्याने उसंत मिळते. आईचा हा नियम आम्ही सगळे अजून पाळतो.

आता साबुदाणा. उपासाला काय चालतं याची यादी आई वेदातून आल्यासारखी सांगते: साबुदाणा, बटाटा, रताळं, शेंगदाणा, हिरवी मिरची. यातलं एकही मूळचं आपल्याकडचं नाही. बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची आणि ज्याच्या कंदापासून आजचा साबुदाणा होतो तो टॅपिओका, ही सगळी अमेरिका खंडातली पिकं. पोर्तुगीजांच्या काळात आणि त्यानंतर समुद्रावरून आली. साबुदाण्याचे कारखाने तमिळनाडूत सेलमकडे १९४० च्या दशकात उभे राहिले. म्हणजे आईच्या आजीच्या एकादशीला आजचा साबुदाणा असणं कठीणच. आणि वरई? जी आमच्या उतारावर पिकते, जिचा भात आमचे लोक साध्या दिवशी पोट भरायला खातात, तीच खाली देशावर ‘भगर’ नावाने उपासाला चालते. आणि कुठल्या उपासाला ती चालते, कुठल्या नाही, यावर गावागावांत वेगळं मत. (भगर घ्यायची तर निवडून, कोरडी, ओळखीच्या ठिकाणची घ्यावी. जुन्या, दमट पिठाला बुरशी धरते आणि नवरात्र-महाशिवरात्रीला विषबाधेच्या बातम्या येतात त्या बहुतेक त्यातूनच.)

ही सगळी यादी पूर्वजांनी नव्या पदार्थांना जागा देत देत केलेली आहे. आईला मी हे सांगितलं तेव्हा तिला खरंच नवल वाटलं. “बटाटा परदेशी?” असं म्हणून ती बराच वेळ गप्प राहिली. पण म्हणून तिने साबुदाणा सोडला असं झालं नाही. इतिहास कळला म्हणून श्रद्धा हलत नाही, आणि हलावी असा माझा आग्रहही नव्हता. श्रद्धेच्या आतच मोकळीक असते का, हे मला शोधायचं होतं.

ती असते, आणि चांगली ऐसपैस असते. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचा एक आख्खा भाग व्रतांना दिला आहे. जुन्या ग्रंथकारांनी व्रतं सांगितली तशीच त्यांच्या सवलतीही सांगितल्या. महाभारताच्या उद्योगपर्वात व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी आल्या आहेत: पाणी, मूळ, फळ, दूध, हवि, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचा शब्द आणि औषध. औषध हा शब्द तिथे स्पष्ट आहे. ज्याला पूर्ण उपास झेपत नाही त्याला एकदा जेवायची, रात्री जेवायची मुभा आहे. एकादशीचं बंधन आठ वर्षं पुरी झालेल्यापासून ऐंशी वर्षं पुरी न झालेल्यापर्यंत. आणि मला सगळ्यात जवळची वाटलेली तरतूद म्हणजे प्रतिनिधीची. ज्याला व्रत करवत नाही त्याच्यासाठी मुलाने, बायकोने, भावाने ते धरावं. फळ मूळ व्रत करणाऱ्याला मिळतं.

पण हे मी सांगून चाललं नसतं. आठ गोष्टींत गुरूचा शब्द आहे, लेकीचा नाही. सप्ताहाला दर वर्षी येणारे एक महाराज आहेत, आई त्यांचं कीर्तन कधी चुकवत नाही. दादाने त्यांना घरी चहाला बोलावलं आणि घाम सुटल्याची सगळी हकिगत सांगितली. महाराजांनी आईला विचारलं, “माउली, वय काय तुमचं?”

आईला ठाऊक नव्हतं. आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी आहे, तिच्या वयाच्या गावातल्या निम्म्या बायकांची आहे तशी. कार्डाप्रमाणे ऐंशीला अजून अवकाश होता. मग घरात हिशेब सुरू झाला. बहात्तरला दादा मांडीवर, त्याच्या आधी दोन लेकरं होऊन गेलेली, लग्न झालं तेव्हा तिच्या म्हणण्याप्रमाणे तिला परकर नीट नेसता येत नव्हता. वहिनीने बोटं मोजली, पुतण्याने कागदावर मांडणी केली. कुणाचा आकडा अठ्ठ्याहत्तर, कुणाचा त्र्याऐंशी. महाराज म्हणाले, “देव कार्ड बघत नाही. तुम्हीच सांगा, ऐंशी झाली का?” आईने खूप वेळ घेतला. सगळ्यांना वाटलं ती नाही म्हणणार. ती म्हणाली, “झाली असंल. पण आषाढी-कार्तिकी म्या सोडणार न्हाई.”

महाराजांनी मान्य केलं. बाकीच्या एकादश्या दादाने धरायच्या, त्याला जमलं नाही तर मी. आषाढी-कार्तिकीला तिने गोळीबद्दल डॉक्टरांचं ऐकायचं, पाणी प्यायचं आणि दूध-फळ घ्यायचं. दादाने आयुष्यात कधी उपास केला नव्हता. आता एकादशीला तो पाहुण्यांना वाढतो आणि स्वतः शेंगदाण्याचा लाडू खाऊन बसतो, आणि आई दर तासाने त्याला विचारते, “पोटात काही गेलं का रं?”

चोरून खाऊ घालणं हा एक रस्ता खूप घरं धरतात. अंडं कणकेत मळतात, मटणाचा रस्सा भाजीचा म्हणून देतात, गोळी कुटून गुळात घालतात. माझ्या ओळखीत हे करणारे आहेत आणि ते प्रेमानेच करतात. तरीही माझा याला ठाम विरोध आहे. ज्या दिवशी कळतं, आणि कळतंच, त्या दिवसापासून म्हातारं माणूस त्या घरातल्या प्रत्येक घासाकडे संशयाने बघतं. मग जे खात होतं तेही सुटतं. अन्नावरचा विश्वास हे त्याचं शेवटचं स्वातंत्र्य असतं.

उघड्यावर, नियमाचा मान राखून वाट काढता येते, हे कस्तुरबांनी दाखवलं. १९१८ च्या आमांशाने गांधीजी खंगले होते. पुढे मुंबईत डॉ. दलालांनी सांगितलं, दूध घेतल्याशिवाय शरीर भरून येणार नाही. गांधीजींचं तर दूध न पिण्याचं व्रत. शेजारी उभ्या कस्तुरबा म्हणाल्या, मग शेळीच्या दुधाला हरकत नसावी. व्रत घेताना मनात गाई-म्हशीचंच दूध होतं ना. गांधीजींनी शेळीचं दूध घेतलं आणि जगले. आत्मकथेत त्यांनी हेही लिहून ठेवलं की व्रताचं अक्षर पाळलं आणि आत्मा मोडला, ही टोचणी त्यांना कायम राहिली. ती टोचणी मी विसरत नाही. वाट काढली तरी त्याची काहीतरी किंमत त्या माणसाच्या मनात पडते. ती पडली हे घरच्यांनी जाणून असावं.

आता थोडं अन्नाबद्दलच. पासष्टीनंतर स्नायू झिजतात, म्हणून अभ्यासक या वयाला किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं सुचवतात. आईचं वजन ४२ किलो, म्हणजे तिला ४२ ते ५० ग्रॅम हवीत. तिच्या उपासाच्या ताटात दहाही भरत नव्हती. साबुदाण्यात प्रथिन नसल्यातच जमा, जे काय ते शेंगदाण्याचं. हुलगे आणि वालात शंभर ग्रॅममागे वीस ग्रॅमच्या वर असतं. वहिनीने हुलगे भाजून दळले. त्या पिठाचं पातळ माडगं, गूळ घातलेलं, चावायला लागत नाही. आईने ते ‘औषध’ म्हणून सुरू केलं, आता संध्याकाळी स्वतः मागते. पिठात उष्णपणा राहत नाही असं तिने स्वतःच ठरवून टाकलं आहे, आणि त्यावर कुणी काही बोलत नाही.

बी-१२ ची गोष्ट वेगळी. ते झाडापाल्यात नसतं; दूध, दही, अंडी, मांस-मासे यांतच मिळतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या ६७ टक्क्यांत बी-१२ कमी होतं, शाकाहारींत धोका कितीतरी जास्त. म्हातारपणी पोटातलं आम्ल कमी होतं, तेव्हा खाल्लेलंही नीट शोषलं जात नाही. मधुमेहावरची मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतली की आणखी घटतं. पायाला मुंग्या, तोल जाणं, विसरभोळेपणा, जिभेची आग. साध्या रक्ततपासणीत कळतं. माळकरी माणसाला यासाठी माळ उतरवायची काहीच गरज नाही. इंजेक्शन आहे, गोळी आहे, आणि ते औषध आहे.

एक इशारा मात्र कळकळीने द्यावासा वाटतो. चाळीस वर्षं पाळलेला नियम आणि गेल्या चार महिन्यांत उगवलेला नियम, यांत फरक करा. आयुष्यभर भात खाल्लेली बाई अचानक म्हणते, भात घशाला चिकटतो, तेव्हा तो विश्वास नसतो; गिळण्याचा त्रास असू शकतो. सगळं कडू लागतं, जेवणात कुणी काही घातलंय, मला भूकच नाही, हे नव्याने सुरू झालं तर स्मृतिभ्रंश, नैराश्य, पोटाचा आजार यांकडे बघायला हवं. वजन उतरतंय का ते महिन्याला टिपून ठेवा. अशा वेळी महाराजांना बोलावून भागत नाही, डॉक्टरच लागतात.

आणि शेवटाकडे आलेल्या माणसाचं न खाणं हे आणखी निराळं. विनोबांनी १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारला अन्न, पाणी, औषध नाकारलं आणि १५ तारखेला देह ठेवला. पंतप्रधानांपासून सगळ्यांनी विनवलं होतं. संथाऱ्याला, म्हणजे जैनांच्या मरेपर्यंतच्या उपासाला, राजस्थान उच्च न्यायालयाने २०१५ साली गुन्हा ठरवलं आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. हा प्रश्न देशाच्या न्यायालयांनाही सोपा गेलेला नाही. आमच्या घरात तो अजून आलेला नाही, एवढंच मी म्हणू शकते. आईला जगायचं आहे, काजवे बघायला आलेल्या पाहुण्यांशी गप्पा मारायच्या आहेत, पणतूचं जावळ बघायचं आहे. जे माणूस जगू बघतं आहे त्याच्या नियमांशी वाटाघाट करायलाच हवी.

या सगळ्यात वहिनीच्या कष्टांचं नाव कुठेच येत नाही, हे मला लागतं. माळकरी सासूचं बिनकांद्याचं, नवऱ्याचं उपासाचं, पोरांचं वशाट बाहेरच्या चुलीवर आणि पाहुण्यांचं पिठलं-भाकरी, हे एकाच बाईचे दोन हात करतात. पथ्याची चर्चा आम्ही नणंदा-भाऊ करतो, पातेली ती घासते. आईच्या मनात ‘वहिनी माझं काढंल का’ ही भीती होती ती मी वहिनीला सांगितली. ती रागावेल असं वाटलं होतं. ती आत जाऊन आईला म्हणाली, “आत्या, तुमच्या लेकाच्या आजारपणात मी काढलंच की सगळं. तुमचं नाही काढणार?” त्या हप्त्यात दादाने खोलीला लागून संडास बांधायला काढला. फरशी घसरडी नाही, भिंतीला धरायला पाइप बसवला. संध्याकाळचं पाणी त्यानंतर आपोआप सुरू झालं.

दुधाचं अजून जमलेलं नाही. कार्तिकीला दूध-फळ घ्यायचं ठरलं होतं, पण पेला पुढे आला की ती मान वळवते. दही दुपारी, ताक करून, जिरं घालून चालतं. कवळी बसवली, पण ती डब्यातच जास्त असते. माडग्यात गूळ किती घालायचा यावरून साखरेच्या मशीनशी तिचं भांडण चालू आहे.  येती कार्तिकी दादा तिच्याबरोबर धरणार आहे, आणि पेल्याऐवजी खरवस करून बघू, त्याला तो वास येत नाही, असं वहिनीचं म्हणणं आहे.